पदवीचा अभ्यास अडला तर: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मी २६ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. आता दर शनिवारी संध्याकाळी आमच्या भागातल्या अभ्यासिकेत बसते. तिथे समोर बसून, आणि एरवी फोनवर, मुलं आणि त्यांचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः मुंबई विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमांना धरून आहेत. तुमचं कॉलेज स्वायत्त (ऑटोनॉमस) किंवा अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं असेल तर आधी प्रश्न २ वाचा.

१. केटी लागली. म्हणजे माझं वर्ष गेलं का?

नाही. केटी, म्हणजे एटीकेटी, ही मुळात मुभा आहे. राहिलेला विषय सोबत घेऊन पुढच्या सत्राला बसता येतं आणि तो पेपर पुढच्या संधीला सोडवता येतो. पण किती विषय राहिले तरी पुढे जाता येईल याला मर्यादा असते. ती अभ्यासक्रमाप्रमाणे आणि तुमच्या प्रवेशाच्या वर्षाप्रमाणे बदलते. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगला पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची मुलंही बहुतेक वेळा तिसऱ्या वर्षाच्या दारातच अडतात, आणि अडवणारा विषय बऱ्याचदा पहिल्या सत्रातला, 'नंतर बघू' म्हणून ठेवलेला असतो. केटीचा फॉर्म पहिल्या संधीलाच भरा. अभ्यास झालेला नसला तरी भरा, कारण फॉर्मची तारीख गेली की अभ्यास करूनही पेपर देता येत नाही.

गुणपत्रिकेत आणखी एक गोष्ट बघा. बहुतेक अभ्यासक्रमांत अंतर्गत आणि लेखी अशा दोन्ही भागांत वेगवेगळे ४० टक्के लागतात. आपण नेमके कुठल्या भागात राहिलो हे न बघता मुलं पूर्ण विषयाचा धसका घेतात. अंतर्गत भागासाठी प्रश्न ७ आहे.

२. माझ्या मैत्रिणीच्या कॉलेजात वेगळाच नियम सांगतात. खरं कोणाचं?

दोघींचंही खरं असू शकतं. ठाण्याचं बांदोडकर किंवा वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील यांसारखी स्वायत्त महाविद्यालयं परीक्षा, निकाल आणि पुनर्मूल्यांकन स्वतः बघतात. पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच असते. नवी मुंबईतल्या अभिमत आणि खासगी विद्यापीठांचे नियम पूर्णपणे त्यांचे स्वतःचे. त्यात नवीन शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आलं, त्यामुळे एकाच कॉलेजात एका वर्षाच्या फरकाने शिकणाऱ्या दोन भावंडांना दोन नियम लागू होतात. ग्रुपवर फिरणारा नियम धरू नका. परीक्षा विभागाच्या खिडकीवर जाऊन 'माझ्या बॅचचं परिपत्रक दाखवता का?' एवढं विचारा, आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

३. मदत हवी असेल तर आधी कोणाकडे जायचं?

विषय समजत नसेल तर तो विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे. ते भेटत नसतील तर विभागप्रमुखांकडे. बहुतेक कॉलेजांत वीस-तीस मुलांमागे एक मेंटॉर नेमलेला असतो. त्याचं नाव वर्षाच्या सुरुवातीला फलकावर लागतं, पण आपला मेंटॉर कोण हे दहातल्या आठ मुलांना सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे. विभागात जाऊन विचारा. मागे पडलेल्यांसाठी कॉलेजं जादा तासही घेतात, त्यांना रेमेडियल लेक्चर म्हणतात. ते दुपारी किंवा शनिवारी असतात, मुलं येत नाहीत म्हणून बंद पडतात, आणि चार जणांनी मिळून लेखी अर्ज दिला की पुन्हा सुरू होतात. हे मी स्वतः बघितलं आहे.

फॉर्म, फी, निकाल, गुणपत्रिकेतली चूक यांसाठी प्राध्यापकांमागे फिरू नका. ते काम परीक्षा विभागाचं.

४. सरांसमोर उभं राहायची भीती वाटते. 'इतके दिवस काय करत होतास' म्हणाले तर?

म्हणतीलही. मी स्वतःही काही मुलांना म्हटलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण शिक्षकाच्या बाजूचं एक सांगते. 'मॅडम, काहीच समजत नाही' असं कोणी म्हटलं की कुठून सुरुवात करायची हे आम्हालाच सुचत नाही. तेच एखादी मुलगी वही उघडून म्हणाली, 'मॅडम, प्रमाण विचलनाच्या गणितात मध्य काढेपर्यंत जमतं, वजाबाकीचे वर्ग का करायचे ते कळत नाही,' तर दहा मिनिटांत तिची गाडी पुढे जाते. म्हणून जाताना वही न्या, जिथपर्यंत जमलं तिथपर्यंत सोडवलेलं एक उदाहरण न्या, आणि जिथे अडलं तिथे पेन्सिलीने खूण करून न्या.

वेळ तास संपल्यानंतरची धरू नका, तेव्हा पुढच्या वर्गाची घाई असते. 'सर, उद्या किंवा परवा पंधरा मिनिटं केव्हा येऊ?' असं विचारा. वेळ दिलेली असली की शिक्षकही तयारीने बसतात. एकट्याने धीर होत नसेल तर दोघं मिळून जा. दुसऱ्या वर्षाला मीही एका पेपरात नापास झाले होते. त्या विषयाच्या सरांच्या खोलीबाहेर दोन दिवस नुसती उभी राहून परत आले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच दार उघडून आत बोलावलं. पण प्रत्येकाला असं बोलावणारं कोणी भेटेलच असं नाही.

५. बारावीपर्यंत मराठी माध्यम. इथे सगळं इंग्रजीत, तास डोक्यावरून जातो. काय करू?

कळवा, दिवा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे इथल्या मुलांकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. यात हुशारीचा काही संबंध नाही. मध्य, मध्यक, बहुलक या गोष्टी तुम्ही अकरावीत शिकलेल्याच असतात, फक्त त्यांची इंग्रजी नावं कानाला नवी असतात. मीन, मीडियन, मोड असं फळ्यावर आलं की ओळखीचा माणूस वेगळ्या कपड्यांत दिसावा तसं होतं.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाची वही मी सगळ्यांना दाखवते. डाव्या पानावर तासाला ऐकू आलेला इंग्रजी शब्द, चुकीच्या स्पेलिंगसकट, देवनागरीत लिहिलेला. उजव्या पानावर रात्री शोधलेलं बरोबर स्पेलिंग, मराठी संज्ञा आणि स्वतःचं एक उदाहरण. 'इलॅस्टिसिटी' समोर त्याने लिहिलं होतं: मागणीची लवचिकता, मीठ महाग झालं तरी आई तेवढंच आणते. दोन महिन्यांत त्याच्याकडे साठ-सत्तर शब्द झाले, आणि एका विषयाच्या एका सत्राला साधारण तेवढे पुरतात.

मराठी संज्ञा शासनाच्या परिभाषा कोशांत मिळतात, ते आता इंटरनेटवर शोधता येतात. बालभारतीची अकरावी-बारावीची मराठी पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. कॉम्प्युटरच्या मुलांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, जावा, लिनक्स असे विषय मराठी आवाजात आहेत, तेही मोफत.

आणि उत्तरपत्रिकेची भाषा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी मुलांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या विद्यापीठांना सांगितलं. मुंबई विद्यापीठात कला आणि वाणिज्यच्या बऱ्याच विषयांना मराठीत लिहिण्याची सोय त्याआधीपासून आहे. तुमच्या विषयाला ती आहे का हे परीक्षा विभागातून पक्कं करून घ्या, आणि घरी सराव त्याच भाषेत करा. अर्धं उत्तर मराठीत आणि अर्धं इंग्रजीत लिहिल्याने मुलांचे गुण गेलेले मी पाहिले आहेत.

६. मला खात्री आहे, पेपर चांगला गेला होता. तरी नापास. पुढे काय?

आधी फोटोकॉपी, मग रिव्हॅल. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्यासाठी आणि पुनर्मूल्यांकनासाठी मोजके दिवस मिळतात, तारीख निकालाच्या परिपत्रकात असते. रडण्यात जाणारे पहिले दोन दिवस त्यातलेच असतात, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं आणि खिडकीवर सोबत जावं. पुनर्मूल्यांकन लेखी पेपरचं होतं, अंतर्गत गुणांचं होत नाही.

२०१७ पासून विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जातात. त्या पहिल्याच वर्षी निकाल किती लांबले हे मोठ्या भावंडांना आठवत असेल. त्यामुळे छायाप्रत हातात आली की गुण बघण्याआधी पानं मोजा. सगळ्या पुरवण्या आल्या आहेत का? प्रत्येक उपप्रश्नासमोर गुण आहे का? बेरीज बरोबर आहे का?

कळव्याची एक मुलगी छायाप्रत घेऊन माझ्याकडे आली होती. ६० पैकी २१, पास व्हायला २४ हवे होते. पुरवणीच्या चौथ्या पानावर प्रश्न चारमधलं 'ब' होतं, समाश्रयणाचं (रिग्रेशनचं) गणित, अर्धं पान नीट सोडवलेलं. त्याच्यासमोर ना बरोबरची खूण, ना फुली, ना गुण. वर पान कोरं असल्याने ते कोणाला दिसलंच नसावं. अर्ज करायला एक दिवस शिल्लक होता. तिने केला आणि ती पास झाली.

उलटही घडतं. छायाप्रत नीट वाचल्यावर मुलं स्वतःच म्हणतात, 'मॅडम, मी प्रश्न वेगळाच समजलो.' तेही कामाचं आहे, कारण पुढच्या वेळी काय सुधारायचं ते तुमच्याच अक्षरात समोर असतं. अर्ज भरण्याआधी, गुण कमी झाले तर काय होतं याबद्दलचा नियम परिपत्रकात वाचून घ्या.

छायाप्रतीची मुदत चुकली तर? २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या प्रकरणात निकाल दिला की स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकारात बसणारी माहिती आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये शुल्क आहे आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत. पण पुनर्मूल्यांकनाची मुदत त्यामुळे वाढत नाही.

७. इंटर्नलला गैरहजर होतो, आता विषयच राहिला. परत देता येते का?

येते, पण आपोआप होत नाही. अंतर्गत परीक्षेची केटी कॉलेजच घेतं. तिची सूचना फलकावर किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावर लागते, आणि तारीख बहुतेक वेळा लेखी परीक्षेच्या बरीच आधी असते. प्रोजेक्ट किंवा जर्नल राहिलं असेल तर नुसतं नेऊन देऊ नका. तारखेसह पोच घ्या.

८. डिफॉल्टर यादीत नाव आलंय. परीक्षेला बसू देतील का?

ही यादी हजेरी कमी असलेल्यांची. मुंबई विद्यापीठात ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. आजारपण किंवा घरातला मृत्यू अशा खऱ्या कारणासाठी प्राचार्य सवलत देऊ शकतात, मात्र त्यासाठी त्या त्या वेळचा कागद लागतो. सत्र संपताना आणलेल्या मागच्या तारखेच्या डॉक्टरी दाखल्याने तुमचंच नाव खराब होतं. नोकरी करून शिकणारी बरीच मुलं या यादीत असतात. त्यांनी ते लपवू नये. मालकाचं पत्र घेऊन सत्राच्या सुरुवातीलाच मेंटॉरला सांगावं. दिवसभराची नोकरी सुटणारच नसेल तर मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्राचा विचार करा. पूर्वी त्याला आयडॉल म्हणत.

९. ग्रेस मार्क मागावे लागतात का?

निकालातले सवलतीचे गुण नियमात बसत असतील तर विद्यापीठ स्वतःच देतं. अपवाद एनएसएस, एनसीसी आणि खेळाडूंचा. त्यांना १० पर्यंत गुण मिळू शकतात, पण नावं कॉलेजकडून वेळेत जावी लागतात. कार्यक्रम अधिकाऱ्यांना परीक्षेआधीच आठवण करा.

१०. पेपरच्या दिवशी ताप होता, किंवा गाडी बंद पडली. दुसरी संधी आहे?

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा संलग्न महाविद्यालयं विद्यापीठाच्या वतीने घेतात, त्यामुळे खऱ्या कारणासाठी 'ॲडिशनल' परीक्षेची सोय असते. त्याच दिवशी कॉलेजला ईमेल करा, दाखला मागून द्या. शेवटच्या वर्षाचे पेपर विद्यापीठाचे. ते चुकले तर बहुधा पुढच्या सत्राचीच वाट बघावी लागते. गाडीसाठी म्हणाल तर, ट्रान्स-हार्बरने येणाऱ्यांनी परीक्षेच्या दिवशी दोन गाड्या आधीची धरावी.

११. लिहिताना अक्षरं उलटी होतात, वेळ पुरत नाही. लहानपणापासून 'आळशी' म्हणतात. हे काही वेगळं असेल का?

असू शकतं, आणि पदवीला आल्यावरही तपासून घेता येतं. वाचन, लेखन किंवा गणितातली विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र असेल तर लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. वेळेचं मार्गदर्शक प्रमाण तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. चाचण्यांना अनेक फेऱ्या लागतात, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच जा. शाळेत असताना काढलेले जुने कागद सांभाळून ठेवले असतील तर सोबत न्या.

१२. पुस्तक उघडलं की छातीत धडधड होते. झोप नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही.

मग आधी हे, अभ्यास नंतर. टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांना भेटा. प्रत्यक्ष डॉक्टर हवे असतील तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. त्या नावाला लोक बिचकतात, पण तिथे केसपेपर काढून, डॉक्टरांशी बोलून त्याच दिवशी घरी येणारे पुष्कळ असतात.

जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर हे पान इथेच ठेवा आणि १४४१६ लावा, किंवा शेजारच्या खोलीत जे कोणी असेल त्याला उठवा. पेपर वर्षातून दोनदा येतो.

१३. मुलगा ताकास तूर लागू देत नाही. कॉलेज आम्हाला काही सांगेल का?

हजेरीबद्दल बहुतेक कॉलेजं पालकांना बोलावतात. निकाल मात्र मुलाच्या लॉगिनमध्ये असतो. चोरून बघण्यापेक्षा त्याच्याशी बोला, आणि पहिला प्रश्न 'किती मिळाले' हा नको. 'कुठल्या विषयाला कंटाळा येतो?' इथून सुरुवात झाली की पुढचं निघतं. नातेवाइकांच्या मुलांचं उदाहरण देऊ नका, अगदी कौतुकानेही नको. कॉलेजात जायचंच असेल तर त्याला सांगून, त्याच्यासोबत जा. त्याच्यामागे जाऊन प्राध्यापकांसमोर रडलेल्या आया मी पाहिल्या आहेत. त्यानंतर तो मुलगा त्या प्राध्यापकांना पुन्हा कधी भेटायला आला नाही.

१४. चूक कॉलेजची आहे, पण कोणी ऐकत नाही. तक्रार कुठे?

लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या, मग पुढचं सगळं सोपं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणं बंधनकारक आहे. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे (ऑम्बड्सपर्सन) अपील करता येतं. नुसतं 'गुण वाढवा' एवढ्यासाठी लोकपाल अर्ज घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठळक अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. गुणांसाठी आधी प्रश्न ६ चा मार्ग संपवा.

१५. शाखाच चुकली असं वाटतंय. सोडून दिलं तर केलेलं सगळं वाया जाईल?

नवीन शैक्षणिक धोरणाखाली प्रवेश असेल तर मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. पहिलं वर्ष पूर्ण करून, शिवाय चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करून प्रमाणपत्रावर बाहेर पडता येतं, दोन वर्षांनंतर पदविकेवर. माझं मत विचाराल तर निकालाच्या आठवड्यात हा निर्णय घेऊ नका. शाखा चुकली आहे की एकच विषय अडला आहे, हे ओळखायला निदान एक पूर्ण सत्र द्या.

१६. लग्न झालं, मुलं झाली. एकच पेपर राहिला होता, डिग्री कधी हातात आलीच नाही. आता काही होईल?

हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेक बायका असतात, आणि आवाज खाली करून विचारतात. विचारायलाच हवा. जुना अभ्यासक्रम बंद झाला असेल तर नव्यातला समकक्ष विषय द्यावा लागतो. संधींची मुदत संपली आहे का हे तुमच्या प्रवेशाच्या वर्षावरून ठरतं. सगळ्या सत्रांच्या किंवा वर्षांच्या गुणपत्रिका, जुनं हॉल तिकीट आणि विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक असलेला कुठलाही कागद एका फाइलीत घाला. नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रतही त्यात ठेवा. आधी आपल्या जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागात जा, तुमची नोंद तिथे आहे. त्यांनी विद्यापीठाकडे बोट दाखवलं तर तेच लेखी मागा आणि तो कागद घेऊन कलिनाला जा. गुणपत्रिका हरवली असेल तर दुय्यम प्रत मिळते, त्यासाठी अर्जासोबत काय लागतं ते त्याच खिडकीवर विचारून घ्या. फाइल तयार करताना अडलं तर शनिवारी अभ्यासिकेत या, सोबत मूळ कागद आणा आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.